हात मिळवायचा की जोडायचा, हे सरकारने ठरवू नये

१ जानेवारी २०१९ पासून डेन्मार्कचं नागरिकत्व घेणाऱ्या माणसाला एक शेवटची पायरी चढावी लागते. भाषेची परीक्षा झालेली असते, वास्तव्याची वर्षं भरलेली असतात, संसदेने नाव मंजूर केलेलं असतं. तरीही नगरपालिकेच्या समारंभाला हजर राहायचं, राज्यघटनेचा मान राखीन अशा कागदावर सही करायची आणि समोरच्या अधिकाऱ्याशी हात मिळवायचा. तळहाताला तळहात लागला पाहिजे, हातमोजा चालणार नाही, इतकं स्पष्ट करून ठेवलेलं होतं. हात मिळवला नाही तर नागरिकत्व नाही.

हा कायदा डिसेंबर २०१८ मध्ये झाला. तो कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केला, हे तेव्हाच्या चर्चेत कुणी फारसं लपवलं नाही. परक्या स्त्रीला किंवा परक्या पुरुषाला स्पर्श करायचा नाही असं धर्माच्या आधारे मानणारे काही मुसलमान आहेत, त्यांच्यासाठी. पण कायदा एकदा लिहिला की तो सगळ्यांनाच लागतो. सांगली-साताऱ्याकडची एखादी बाई, जिने उभ्या जन्मात परक्या पुरुषाच्या हातात हात दिला नाही, जी पदर सावरून लांबूनच हात जोडते आणि वाकून ‘नमस्कार’ म्हणते, तीही या कायद्यापुढे नापास. तिच्या नमस्कारात आदर कमी आहे असं कोण म्हणेल? तिला वगळावं असं डेन्मार्कमध्येही कुणाच्या मनात नव्हतं. तरी ती वगळली जाते, कारण कायद्याने आदर मागितला नाही, आदराची एकच खूण मागितली.

मार्च २०२० मध्ये करोना आला आणि या कायद्याची अडचण त्याच्या पाठीराख्यांनाही दिसली. हात मिळवणं धोक्याचं झालं. हात मिळवल्याशिवाय नागरिकत्व देता येईना. म्हणून समारंभच थांबले आणि सगळ्या अटी पूर्ण केलेली माणसं ताटकळत राहिली. पुढे ती अट तात्पुरती बाजूला ठेवावी लागली. जी खूण साथीच्या काळात बाजूला ठेवली तरी देशाचं काही बिघडत नाही, तिच्यावर एखाद्याचं नागरिकत्व टांगून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

मात्र डॅनिश माणसाची बाजू नीट ऐकल्याशिवाय त्याला नावं ठेवणं बरोबर नाही. उत्तर युरोपात हात मिळवणं म्हणजे आपल्याकडे वाटतं तशी साहेबी औपचारिकता नव्हे. घरी पाहुणा आला की तो खोलीतल्या प्रत्येकापाशी जातो, लहान पोरापाशीसुद्धा, हात पुढे करतो आणि स्वतःचं नाव सांगतो. एखाद्याला ओलांडून पुढे गेला तर तो अपमान. म्हातारी आजी, नवी सून, शेजारचा गवंडी, सगळ्यांना तोच हात, तितकाच वेळ. त्यात समतेचा एक खरा अनुभव आहे. अशा समाजात पुरुष सहकाऱ्याशी हात मिळवणारा माणूस स्त्री सहकाऱ्यापुढे हात मागे घेतो तेव्हा त्या स्त्रीला जे वाटतं ते खोटं नाही. ‘मी तुझा आदरच करतो, म्हणून शिवत नाही’ असं त्याने कितीही सांगितलं तरी तिच्या वाट्याला येतो तो मागे घेतलेला हात.

आणि हे कळायला महाराष्ट्राला डेन्मार्कला जावं लागत नाही. न शिवणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असेल? दुकानदार पैसे हातात न घेता फळीवर ठेवायला सांगायचा, पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं, चहाची कपबशी वेगळी ठेवलेली असायची. स्पर्श नाकारून माणसाला माणसांतून उठवता येतं हे या मातीने पिढ्यानपिढ्या पाहिलं, आणि म्हणून आपल्या राज्यघटनेच्या कलम १७ ने ती प्रथा गुन्हा ठरवली. करोनाच्या दिवसांत जगभरचे पुढारी हात जोडू लागले तेव्हा ‘बघा, आमचे पूर्वज किती शहाणे होते’ असे संदेश आपल्याकडे घरोघर फिरले. नमस्कार सुंदर आहे, मला तो मनापासून आवडतो. पण आपल्या समाजात दोन माणसांमध्ये जे अंतर राखलं गेलं, त्यातलं सगळंच काही आरोग्यासाठी नव्हतं, हे आठवल्याशिवाय त्याचा अभिमान मिरवू नये.

म्हणजे हात न देण्याचा अर्थ दोन टोकांचा असू शकतो. सातारची ती बाई हात देत नाही तेव्हा समोरच्याचा मान राहतो. ओंजळीत वरून पाणी ओतणारा हात देत नाही तेव्हा समोरच्याचा मान जातो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मग ओळखायचं कसं? मला वाटतं, पाहायचं ते एवढंच: ही वागणूक सगळ्यांना सारखी आहे का, आणि जे टाळलं त्याच्या जागी दुसरं काही दिलं का. ती बाई हात देत नाही, पण हात जोडते, डोळ्यांत पाहते, ‘या, बसा’ म्हणते. ओंजळीत पाणी ओतणारा काहीच देत नव्हता.

युरोपात गेल्या दहा वर्षांत या प्रश्नावर जे खटले आणि वाद झाले ते या कसोटीवर लावून पाहण्यासारखे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळच्या थेरविल गावात २०१६ मध्ये गाजलेलं प्रकरण घ्या. तिथे तास सुरू होताना आणि संपताना मुलं शिक्षकांशी हात मिळवतात. आपल्याकडे वर्ग उभा राहून ‘एक साथ नमस्ते’ म्हणतो तसाच तो रोजचा शिरस्ता. सीरियातून आलेल्या कुटुंबातल्या दोन भावांनी शिक्षिकेशी हात मिळवायला नकार दिला. शाळेने तोडगा काढला: या दोघांनी बाईंशी नको आणि सरांशीही नको, कुणाशीच हात मिळवू नये, नमस्कार वेगळ्या रीतीने करावा. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. मुलांना त्यांची रीत ठेवता आली, पण बाई आणि सर यांत फरक करता आला नाही. देशभर मात्र गदारोळ झाला. तेव्हाच्या न्यायमंत्री सिमोनेटा सोमारुगा यांनी हात मिळवणं हा आमच्या संस्कृतीचा भाग आहे असं सांगितलं. प्रांताच्या अधिकाऱ्यांनी शाळेचा निर्णय फिरवला आणि ऐकलं नाही तर पालकांना ५,००० स्विस फ्रँकपर्यंत दंड होऊ शकेल असं जाहीर केलं. त्या कुटुंबाचा नागरिकत्वाचा अर्जही थांबवला गेला. शाळेने जो प्रश्न वर्गातल्या वर्गात सोडवला होता तो सरकारने उचलून राष्ट्राचा केला, आणि शाळकरी पोरांना हात पुढे करणं म्हणजे शरणागती वाटावी अशी वेळ आणली.

फ्रान्समध्ये २०१८ साली तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका अल्जेरियन स्त्रीला नागरिकत्व नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला. समारंभात तिने पुरुष अधिकाऱ्याशी हात मिळवला नव्हता. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या लोझान शहराने एका जोडप्याचा अर्ज अशाच कारणावरून फेटाळला. जर्मनीतलं प्रकरण सगळ्यांत विचार करायला लावणारं आहे. लेबनॉनमधून २००२ मध्ये आलेला एक डॉक्टर तिथेच शिकला, नोकरीला लागला, नागरिकत्वाच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवले. २०१५ मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकारी बाईंनी हात पुढे केला आणि त्याने तो घेतला नाही. दुसऱ्या स्त्रीशी हात मिळवणार नाही असा शब्द पत्नीला दिला आहे, असं त्याचं म्हणणं. प्रमाणपत्र हातात पडलंच नाही. पुढे त्याने पुरुषांशीही हात मिळवणं बंद केल्याचं सांगितलं, तर २०२० मध्ये तिथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या न्यायालयाने ती निव्वळ चाल मानली. इथे न्यायालय माझ्या मते चुकलं. त्या माणसाने स्त्री आणि पुरुष यांत फरक करायचं सोडलं होतं. न्यायालयाने त्याच्या मनात शिरून हेतू तपासला. रुग्ण म्हणून आलेल्या स्त्रीला तो पुरुषाइतकंच नीट तपासतो का, हा सरकारने विचारायचा प्रश्न आहे आणि तो कडक शब्दांत विचारावा. त्याच्या मनात हाताबद्दल काय आहे, हा नाही.

या सगळ्यांत मला पटलेला निकाल स्वीडनचा. एक तरुणी दुभाष्याच्या नोकरीच्या मुलाखतीला गेली. समोर पुरुष होता, त्याने हात पुढे केला. तिने स्वतःचा हात छातीवर ठेवून हसून मान लववली. मुलाखत तिथेच संपली. खटला कामगार न्यायालयात गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये निकाल लागला. स्त्री-पुरुष दोघांना सारखं वागवा अशी मागणी करण्याचा कंपनीला पूर्ण हक्क आहे, असं न्यायालयाने मानलं. पण ती समानता हात मिळवूनच दाखवा, असा हट्ट धरण्याचा हक्क नाही. स्त्री-पुरुष दोघंही समोर असतील तर मी दोघांनाही छातीवर हात ठेवूनच अभिवादन करते, असं त्या तरुणीने सांगितलं होतं. कंपनीला ४०,००० क्रोनर भरपाई द्यावी लागली. न्यायाधीशांचं त्यावर एकमत नव्हतं, आणि नसणार, कारण प्रश्न अवघडच आहे. तरी रेषा योग्य जागी मारली गेली. समानता मागा, तिची रीत ज्याच्या त्याच्यावर सोडा.

आपल्याकडेही हेच तत्त्व त्याच्या कितीतरी आधी सांगितलं गेलं आहे. केरळमधल्या यहोवाच्या साक्षीदार पंथातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं. ती रोज परिपाठाला इतरांबरोबर ताठ उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. आदराने उभं राहिलेलं मूल ओठ हलवत नाही म्हणून ते राष्ट्राचा अपमान करतं असं होत नाही, हे त्या निकालाचं सार आहे. डेन्मार्कच्या कायद्यावर मराठीत लिहिताना मला हा निकाल सगळ्यांत जवळचा वाटतो.

अभिवादन कसं करायचं हे सत्तेने ठरवायचं, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १७७९ मध्ये मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कौन्सिलने, पेशवे दरबाराच्या आग्रहावरून, सोनार समाजाने ‘नमस्कार’ हे अभिवादन वापरू नये असा हुकूम काढला होता. आज बालवाडीतलं पोर जे सहज म्हणतं ते म्हणायला त्या काळी जात लागत होती. महार समाजाच्या वाट्याला जोहार होता. वेशीपासल्या माणसाने लांबून जोहार घालायचा आणि वाड्यातल्याने तो ऐकला न ऐकला करायचा. चोखोबांच्या अभंगांत हा जोहार येतो आणि तो वाचताना आजही गळा दाटतो, कारण तिथे तो विठ्ठलाला घातलेला आहे. रोजच्या जगण्यात तो कुणाला घालावा लागत होता हे आपल्याला माहीत असतं.

त्या जोहाराची जागा ‘जयभीम’ने घेतली, आणि ती घेताना कुठलं सरकारी फर्मान आलं नाही. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी हे अभिवादन रुजवलं. १९३९ मध्ये, ऐन उमेदीत, ते गेले. पण शब्द राहिला, वाड्यावस्त्यांवर गेला, मुंबईच्या चाळींत गेला, आणि आज लंडन-न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांच्या तोंडीही ऐकू येतो. वाकून, लांबून, खाली मान घालून करायच्या अभिवादनाऐवजी ताठ मानेने, समोरासमोर, दोघांनी सारखंच म्हणायचं अभिवादन आलं. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात अभिवादनाने केलेलं याच्याइतकं मोठं काम मला दुसरं दिसत नाही.

दुसरं उदाहरण वारीचं आहे. पंढरीच्या वाटेवर मुक्कामी कीर्तन संपतं, माणसं उठतात आणि एकमेकांच्या पायाशी वाकायला लागतात. सत्तरीचा म्हातारा बारा वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो, पोर घाईघाईने त्याच्या पायाशी वाकतं, दोघांची डोकी जवळजवळ आपटतात. बुक्का लावलेलं कपाळ दुसऱ्याच्या धुळीने भरलेल्या पावलावर टेकतं. प्रत्येकाला ‘माउली’ म्हणायचं. पोलिसाला माउली, पाणी देणाऱ्या बाईला माउली, वाट अडवणाऱ्यालाही माउली. बाहेरून आलेल्या माणसाला, विशेषतः युरोपियनाला, पाया पडणं म्हणजे स्वतःला खाली घालणं वाटतं, आणि आपल्याकडे पुढाऱ्यांच्या पायांवर जे लोटांगण चालतं ते पाहिलं तर त्याचं वाटणं चुकीचं नाही. पण इथे दोघंही एकमेकांच्या पायाशी असतात, त्यामुळे खाली कुणीच राहत नाही. वारी संपून गावी परतल्यावर ही रीत टिकत नाही, पार आणि पाणवठे पुन्हा जुन्या वळणावर जातात, ही खंत वारकरीच बोलून दाखवतात. तरीही शतकानुशतकं, कुणी सांगितल्याशिवाय, काही दिवसांपुरती का होईना, माणसं असं वागत आली आहेत.

इतकं पदरी असलेल्या राज्याने १ ऑक्टोबर २०२२ रोजी शासन निर्णय काढला की सरकारी आणि अनुदानित कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं. ऑगस्टमध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी घोषणा केली तेव्हा ती सक्तीच वाटत होती. काही मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली, काँग्रेसने ‘जय बळीराजा’ म्हणू असं सांगितलं, आणि मग सक्ती नाही असा खुलासा झाला. त्याआधी गुजरातने १ जानेवारी २०१९ पासून शाळेतल्या हजेरीला ‘जय हिंद’ किंवा ‘जय भारत’ म्हणायला लावलं होतं. हरयाणाने १५ ऑगस्ट २०२४ पासून शाळांतल्या ‘गुड मॉर्निंग’च्या जागी ‘जय हिंद’ आणलं.

‘वंदे मातरम्’ला विरोध म्हणून मी हे लिहीत नाही. त्या घोषाची थोरवी मानतो म्हणूनच लिहितो. १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात, औरंगाबादच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं. बंदी आली. बंदी मानली नाही म्हणून औरंगाबाद आणि हैदराबादमधून शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यापैकी एक. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याची एक मोठी पिढी त्या चळवळीतून घडली. त्या पोरांच्या तोंडी या शब्दांना जी धार होती ती कुठून आली? न म्हणण्याचा हुकूम असताना म्हटल्यामुळे. बदलीच्या किंवा शेऱ्याच्या भीतीने एखादा कारकून रिसिव्हर उचलून तेच दोन शब्द पुटपुटू लागला तर ते शब्द झिजतात. आणि एखादा मुस्लिम कर्मचारी, जो कामात चोख आहे, लोकांशी गोड बोलतो, तो ते म्हणत नाही म्हणून शेजारच्या टेबलाच्या नजरेत संशयित ठरला, तर डेन्मार्कच्या समारंभातलीच गोष्ट इथे घडली.

यावर हमखास येणारा प्रश्न असा: मग ज्या देशात जायचं तिथल्या रीती पाळायच्याच नाहीत का? पाळायच्या. अगदी आवर्जून. कोपनहेगनला किंवा श्टुटगार्टला नोकरीला निघालेल्या प्रत्येक मराठी मुलामुलीला मी सांगेन, हात नीट, घट्ट मिळवा, नाव सांगा, सगळ्यांशी मिळवा, आणि स्त्रीपुढे तर मुळीच अडखळू नका. नव्या शेजाऱ्याला पहिल्याच भेटीत पगार किती, लग्न झालं का, मूल का नाही हे विचारू नका. आपल्याकडे ती आपुलकी असते, तिथे ती चौकशी होते. तिकडच्यांनीही आपली आजी लांबून हात जोडते तेव्हा ती तुटक नाही, आणि आपण ‘जेवलात का?’ विचारतो तेव्हा जेवणाचा हिशेब मागत नाही, हे समजून घ्यावं. हे सगळं शेजारधर्माने, चुकतमाकत, हसत-खेळत होतं. खेड्यापाड्यांतले कितीतरी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या ‘रामराम पाव्हणं’ म्हणत आले, आणि बाजारात ‘सलाम चाचा’ म्हणणारे हिंदू व्यापारीही आहेत. त्यात कुणाचा धर्म बुडाला नाही. कारण तो शब्द दिलेला होता, मागितलेला नव्हता. ऑफिसात कुणी ‘जयभीम’ म्हटलं की ‘जयभीम’ म्हणून उत्तर द्यावं असं मला फार वाटतं. घाईने ‘नमस्कार, नमस्कार’ म्हणत पुढे सटकणारे बरेच असतात, आणि म्हणणाऱ्याला ते कळतं. पण उद्या सरकारने ‘जयभीम’ची सक्ती केली तर मी तिच्याही विरोधात लिहीन.

सरकारने मग काहीच करू नये का? करावं. नागरिकाच्या अभिवादनावर सरकारचा हक्क नाही, पण नागरिकाशी कसं वागायचं हे आपल्या नोकरांना सांगण्याचा हक्क त्याला आहे, किंबहुना ते त्याचं कर्तव्यच आहे. आणि तिथे खरंच काम पडून आहे.

कुठल्याही तालुक्याच्या गावी कामाच्या दिवशी सकाळी सरकारी कार्यालयाच्या खिडकीशी उभं राहावं. निराधार योजनेचा कागद घेऊन एक म्हातारी येते. नऊवारी, पायांत तुटकी चप्पल, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं. ती ‘रामराम सायब’ म्हणते. उत्तर येत नाही. मग, मान वर न करता: ‘काय गं, काय पायजे? झेरॉक्स कुठंय? जा, घेऊन ये.’ ती पिशवीत चाचपडते तोवर मागून पांढऱ्या कपड्यांतला एक जण येतो, आणि तीच मान वर होते. ‘या या, बसा साहेब. चहा सांगू?’ खुर्ची पुढे सरकते. म्हातारी बाजूला सरते, कुणी न सांगता, कारण तिला ही रीत पाठ आहे. आमच्या अभिवादनाच्या संस्कृतीत परक्या माणसाला काय दिसतं असं मला कुणी विचारलं, तर मी नमस्काराचं चित्र दाखवण्याआधी ही खिडकी दाखवीन. तो काही दिवस राहिला तर त्याला हेच दिसणार आहे: एकाला ‘अहो’ आणि एकाला ‘अगं’, आणि कुणाला काय म्हणायचं ते कपड्यांवरून, वयावरून, आडनावावरून क्षणात ठरतं.

‘तू’ म्हणणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. आईला आपण ‘तू’ म्हणतो, विठोबाला ‘तू’ म्हणतो. विदर्भात मोठ्यांनाही जिव्हाळ्याने ‘तू’ म्हटलं जातं, आणि रानातला शेतकरी कलेक्टरला ‘आरं सायबा, तू ऐक की माझं’ म्हणतो तेव्हा त्यात अपमान नसतो. बोचतो तो फक्त वरून खाली येणारा, परत न देता येणारा ‘तू’. म्हातारी खिडकीतल्या माणसाला ‘तू’ म्हणू शकत नाही; तिने म्हटलं तर तिचा कागद महिनाभर हलणार नाही.

स्वीडनमध्येही एके काळी अशा पायऱ्या होत्या. माणसाला हुद्द्याने, पदवीने, तिसऱ्या पुरुषात हाक मारायची, सरळ ‘तू’ म्हणायचं नाही. १९६७ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रुर रेक्सेड यांनी आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की मी तुम्हाला ‘तू’ म्हणेन, तुम्हीही मला ‘तू’ म्हणा. बदल आधीच हवेत होता. काही वर्षांत सारा देश ‘तू’वर आला. त्यासाठी कायदा झाला नाही. वरच्या माणसाने आपली पायरी सोडली आणि खालच्याने त्याचा विश्वास धरला. आपल्याला ‘तू’वर येण्याची गरज नाही, मराठीत सगळ्यांनी ‘तुम्ही’वर चढावं हे जास्त शोभेल. पण सुरुवात वरूनच व्हायला हवी, आणि सरकारी कार्यालयात ‘वर’ म्हणजे खिडकीच्या आतली बाजू.

तेव्हा अभिवादनाबद्दल शासन निर्णय काढायचाच असेल तर त्याचा मजकूर मी सुचवतो. कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला ‘तुम्ही’ म्हणावं. ती आली की मान वर करून पाहावं. तिच्या अभिवादनाला उत्तर द्यावं. रामराम, जयभीम, सलाम, जय जिजाऊ, जोहार, कोणत्या शब्दांत द्यायचं ते कर्मचाऱ्याने ठरवावं, पण सर्वांना सारख्याच सुरात द्यावं. उभं ठेवू नये; काम पाच मिनिटांचं असो की तासाचं, बसायला जागा द्यावी. कर्मचारी स्त्रीशी हात मिळवतो की लांबून हात जोडतो हे त्याच्यावर सोडावं. पुरुषाला दिलेली खुर्ची त्याने स्त्रीला नाकारली तर त्याला जाब विचारावा. त्याचं पालन होतं की नाही हे तपासणंही सोपं आहे. बाहेरच्या बाजूला किती खुर्च्या आहेत त्या मोजाव्यात, आणि वेश साधा करून खिडकीशी अर्धा तास उभं राहून आत काय बोललं जातं ते ऐकावं.